सिरा, शिराझ आणि शिरा

निफाडच्या रेव्हेलो वाईनच्या बाटलीवर ‘सिरा’ छापलेलं असतं, दिंडोरीच्या सुलाच्या बाटलीवर ‘शिराझ’. द्राक्षाचा वाण एकच. फ्रान्समध्ये रोन नदीकाठी त्याला सिरा म्हणतात, ऑस्ट्रेलियात शिराझ. नाशिककरांनी दोन्ही नावं ठेवून घेतली.

शिराझ म्हटलं की इराणमधलं शहर आठवणारच, आणि गोष्टही तयार आहे. तेराव्या शतकात गास्पार द स्तेरिम्बेर्ग नावाचा योद्धा धर्मयुद्धाला कंटाळून रोनकाठच्या एर्मिताज टेकडीवर संन्यासी होऊन राहिला आणि शिराझहून आलेली वेल त्यानं तिथं लावली म्हणे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस डीएनए तपासला, तेव्हा सिराचे आईबाप फ्रान्समधलेच निघाले: द्यूरेझा आणि माँदूझ ब्लाँश. मग शिराझ आलं कुठून? जेम्स बस्बीनं १८३१ साली युरोपात फिरून ऑस्ट्रेलियासाठी कलमं गोळा केली. त्याच्या यादीत हे नाव ‘सिरास’च्या जवळपास आहे. पुढं ते ऑस्ट्रेलियन तोंडी बसलं आणि ओळखीच्या शहराला जाऊन चिकटलं.

आम्ही मुंबईतल्या माझगावकरांनी याला हसू नये. ‘माझं गाव’ म्हणून माझगाव, असं इथं लहान मूलही सांगेल. मासे आणि कोळी यांच्याशी जोडणारी ‘मच्छग्राम’ ही व्युत्पत्ती मला जास्त पटते, पण ती पोराला सांगून बघा, तोंड वाकडं करील.

खऱ्या शिराझीला भेटायचं तर डोंगरीकडं वळावं. इमामवाडा रोडवरची निळ्या फरशांची मुघल मशीद १८६० साली हाजी मुहम्मद हुसेन शिराझी या इराणी व्यापाऱ्यानं बांधली. इराण सोडून आलेले पहिले आगाखान १८८१ साली वारले. त्यांची कबर इथंच, माझगावच्या हसनाबादेत आहे. शिराझचा कवी हाफिज मात्र यायचा राहिला. बहमनी सुलतानानं त्याला दख्खनला बोलावलं होतं, पण होर्मुझला वादळ पाहून तो घाबरला आणि माघारी फिरला, असं इतिहासकार फिरिश्ता लिहितो.

आता बाटलीकडं. सिराचा रंग ग्लासात काळपट जांभळा, कडेला किंचित लालसर. माथारपाखाडीतल्या आमच्या ईस्ट इंडियन आंटींना सवय नाताळच्या घरगुती, मनुकांच्या गोड वाईनची. त्यांनी एक घोट घेतला, जीभ टाळूला लावली आणि म्हणाल्या, “नाय रे, तुरट हाय ही.” तज्ज्ञ ज्याला टॅनिन म्हणून दोन परिच्छेद खर्च करतात, ते तेवढ्यात झालं. संस्कृतात तुरट चवीला ‘तुवर’ म्हणतात. आपली तूर, तुरटी आणि तुरट याच गोतावळ्यातले. वरण, दाढीनंतर गालावर फिरवायचा खडा आणि उंची वाईन एका शब्दमुळाशी येऊन टेकतात, हे एकाही चाखणी-पुस्तिकेत सापडणार नाही.

घोट उतरल्यावर मागून मिऱ्याचा वास येतो. तो भास नव्हे. २००८ साली ऑस्ट्रेलियन संशोधकांनी दाखवलं की सिरातलं रोटुंडोन हे द्रव्य काळ्या मिऱ्यातही असतं. पाचातल्या एकाला ते हुंगताच येत नाही, त्यामुळं टेबलावर “कसली मिरी?” असं विचारणारा असतोच. त्याला अडाणी ठरवू नये.

राहता राहिला शिरा. सिरा मागितल्यावर “शिरा?” असं उलट विचारणारे खूप भेटतात, आणि इथं ध्वनी जुळला म्हणून हसावं, तर शब्द आपल्यालाच चकवतो. फारसीत ‘शीरा’ म्हणजे रस, पाक. द्राक्षाचा रस आटवून केलेली काकवीही शीराच. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा त्याच घरचा मानतात. म्हणजे सिराचा शिराझशी काही संबंध नाही, पण शिऱ्याचा द्राक्षाशी आहे!

हिंदीत तर साखर कारखान्यातल्या मळीलाही शीरा म्हणतात. तिच्यापासून मद्यार्क, आणि त्यापासून रम नि अनेक देशी व्हिस्की. मुंबईतल्या ‘वाईन शॉप’ची फळीमागून फळी याच मालानं भरलेली असते, द्राक्षाची वाईन असते कोपऱ्यातल्या एका फळीवर, बहुधा फ्रीजच्या मागं.