प्रायश्चित्ताचे दोन अर्थ

ख्रिस्ती ग्रंथकारांनीं आपल्या धर्मांतील मुख्य सिद्धान्त मराठींत आणतांना त्यास ‘प्रायश्चित्त’ हें नांव दिलें. शब्द आपल्या घरचा, अर्थ मात्र जवळजवळ उलटा. आपल्या शास्त्रांत प्रायश्चित्त ज्याचें त्यानें करावयाचें असतें, आणि जसें पातक तसें प्रायश्चित्त. ख्रिस्ती मतांत तें येशूनें वधस्तंभावर सर्वांकरितां एकदांच करून ठेविलें आहे. मनुष्यानें तें विश्वासानें आपलें म्हणावयाचें, इतकेंच. हा फरक कोशापुरता नाहीं. एकोणिसाव्या शतकांत त्यानें एका ब्राह्मण घरांतील दोन सख्ख्या भावांच्या वाटा वेगळ्या केल्या, आणि त्यांतील एक वाट मराठवाड्यांत येऊन पोहोंचली.

मराठवाड्याचा व प्रायश्चित्तशास्त्राचा संबंध फार जुना. लातूरला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यांतील बसवकल्याण तें चालुक्यांचें कल्याण. इसवी सनाच्या ११०० च्या आगेंमागें तेथें विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. वारसाहक्काच्या भांडणांमुळें तिचा व्यवहाराध्याय वकिलांच्या हातीं सदैव असे. तिसरा, प्रायश्चित्ताध्याय, मात्र आतां क्वचितच कोणी उघडीत असेल. पापाचें तोलमाप तेथें फार बारकाईनें केलें आहे. कृत्य अजाणतां घडलें कीं जाणूनबुजून, कर्त्याचें वय काय, प्रकृति कशी, हें सर्व पाहावयाचें. सोळा वर्षांच्या आंतील मुलास अर्धेंच प्रायश्चित्त. आणि एक वचन तर मोठें विचार करावयास लावणारें आहे : अजाणतां केलेलें पाप प्रायश्चित्तानें जातें, पण जाणून केलें असेल, तर प्रायश्चित्त घेतल्यानें मनुष्य लोकांत व्यवहार्य होतो. त्याचें पाप धुतलें गेलेंच, असें त्या वचनाचा अर्थ करणारा टीकाकारही छातीठोकपणें म्हणत नाहीं. नांदेडहून शेष घराणें व पैठणहून भट्ट घराणें काशीस जाऊन तेथें पंडितांचीं पीठें झालीं, तीं हाच विचार घेऊन.

योग असा कीं, याच सुमारास, १०९८ सालीं, कँटरबरीचा आर्चबिशप अ‍ॅन्सेल्म ‘देव मनुष्य कां झाला’ या प्रश्नावर ग्रंथ पुरा करीत होता. त्याच्या मतें पाप म्हणजे देवाच्या मानाचें थकविलेलें ऋण. फेडावयास हवें मनुष्यानें, पण फेडण्याचें सामर्थ्य एका देवांतच. म्हणून देवानेंच मनुष्य होऊन तें फेडिलें. कल्याणास हिशेब कलमवार चालला होता. अ‍ॅन्सेल्मनें सगळी वहीच एका सहीनें मिटविली.

हे दोन विचार मुंबईंत १८४३ सालीं समोरासमोर आले. त्या वर्षीं स्कॉटिश मिशनचे रॉबर्ट नेस्बिट यांनीं नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणास बाप्तिस्मा दिला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहूं लागला होता. वय सुमारें बारा वर्षें. बापानें सुप्रीम कोर्टांत फिर्याद केली व मुलगा त्याच्या स्वाधीन झाला. मग खरा तंटा सुरू झाला. मुलानें मिशनऱ्यांच्या घरीं अन्न घेतलें होतें. त्यास जातींत कसें घ्यावें? बाळशास्त्री जांभेकरांनीं पुढाकार घेऊन त्याची शुद्धि व्हावी असा आग्रह धरिला. कर्मठ मंडळी उलट उभी राहिली, आणि मुंबईच्या ब्राह्मणांत दोन तट पडले. वस्तुतः वय पाहतां शास्त्राचा कौल मुलाकडेच होता. अडलें तें शास्त्रांत नव्हे, पंक्तींत. शुद्धि झाली हें सांगणारे शास्त्री असतील. पण ती मानावयाची कोणीं? बाळशास्त्र्यांसारख्या विद्वानास त्या पोराकरितां जो रोष सोसावा लागला, तो आपल्या समाजाच्या इतिहासांत भूषणाचा नाहीं.

नारायणास पंक्तीची गरज उरली नव्हती. म्हणून त्यास तारणाची निश्चिति आयती मिळाली, असें मात्र कोणी समजूं नये. ख्रिस्ती मंडळींतही या प्रश्नावर एकमत कधींच नव्हतें. रोमन पंथाच्या ट्रेंट येथील परिषदेनें १५४७ सालीं, केवळ आपल्या विश्वासाच्या बळावर ‘माझें तारण झालेंच’ अशी खात्री मानणें नाकारलें. उलट नारायणाच्या स्कॉटिश पंथाचा वेस्टमिन्स्टरचा मतपत्र अशी खात्री मिळूं शकते म्हणतो. पण खऱ्या विश्वासूसही तिची दीर्घ काळ वाट पाहावी लागेल, हेंही तेथेंच नमूद आहे. पंडिता रमाबाईंचें उदाहरण बोलकें आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत झाला; परंतु आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, असें त्यांनीं पुढें स्वतःच सांगितलें, आणि ती निश्चिति येण्यास आठएक वर्षें लागलीं. विद्वत्तेनें हें काम लवकर होत नाहीं, असें दिसतें.

नारायण शेषाद्रि पुढें पाद्री झाले व निजामच्या राज्यांत जालन्यास गेले. सालारजंगांच्या दिवाणगिरींत जमीन मिळवून त्यांनीं गांवाजवळ ‘बेथेल’ नांवाची वसाहत वसविली. १८७३ सालीं न्यूयॉर्कच्या इव्हॅन्जेलिकल अलायन्सच्या सभेंतही त्यांचें भाषण झालें. १८९१ सालीं त्यांचा अंत झाला. जालन्याच्या कामांत त्यांच्याभोंवतीं जमले ते मुख्यतः मांग लोक. मिताक्षरेचा प्रायश्चित्ताध्याय कितीही बारीक असो, या लोकांच्या मनाच्या शांतीसाठीं ब्राह्मणांची परिषद कधीं बसली नव्हती. गोदावरीच्या घाटावरही त्यांची जागा इतरांच्या खालीं, दूर असे. त्यांच्यापुढें एक ब्राह्मण उभा राहून सांगत होता कीं, तुमचें प्रायश्चित्त आधींच झालें आहे, आणि त्यास कोणा पंक्तीची मान्यता लागत नाहीं. त्यांतील कित्येक जमिनीसाठीं आले असतील, दुष्काळांत धान्यासाठीं आले असतील. तशी टीका त्या काळींही होत असे व तींत तथ्यही असेल. परंतु श्रीपतास पंक्तींत घ्यावें कीं नाहीं यावर मुंबईंत जे शास्त्री भांडले, त्यांच्यापैकीं एकाही तटास हे लोक त्या प्रश्नांत कधीं आठवले नाहींत.