कोळसा न्यायचा की वीज?
छत्तीसगडच्या वीजघरांची कहाणी

बिलासपूर स्टेशनच्या पादचारी पुलावर पाच मिनिटे उभे राहिलात, तर एक तरी कोळशाची मालगाडी खालून जाताना दिसतेच. आपल्यापैकी बहुतेकांना तिचे काही वाटेनासे झाले आहे. उलट आपली गाडी बाहेरच्या सिग्नलला खोळंबली की आपण तिलाच बोल लावतो. मी रेल्वेत ओव्हरहेड वायरीच्या कामावर आहे. त्या मालगाडीला ओढणारी वीज माझ्या डोक्यावरच्या तारेतून जाते आणि ती वीज बहुतांशी त्याच कोळशापासून झालेली असते. म्हणजे कोळसाच कोळशाला ओढतो आहे! नोकरीच्या सुरुवातीला हे लक्षात आले तेव्हा गंमत वाटली होती. पुढे जिज्ञासा म्हणून थोडे वाचत गेलो, जुन्या लोकांना विचारत गेलो. त्यातून जमलेली ही माहिती वाचकांपुढे ठेवत आहे.

छत्तीसगडचा नकाशा काढून पाहा. पोटात कोळसा, लोहखनिज, बॉक्साइट, चुनखडी, सगळे भरलेले. पण समुद्र कुठेच नाही. कोरब्याहून सरळ रेषेत निघालात तरी किनारा चारशे किलोमीटरच्या पलीकडे. बंदर नाही, मोठी नौका चालेल अशी नदी नाही. अशा मुलखातली संपत्ती बाहेर काढायची तर जमिनीवरूनच न्यावी लागते आणि रेल्वे येईपर्यंत ती सोय नव्हती. भोसल्यांच्या काळात, म्हणजे बिंबाजी भोसले रतनपुराहून कारभार पाहत होते तेव्हा, या भागाची ओळख धान्याचा मुलूख अशीच होती. बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून धान्य जात असे. बैलाच्या पाठीवर कोळसा लादून शेकडो कोस नेणे परवडणारे नव्हते. रतनपूरहून पुढे कटघोऱ्याच्या वाटेने निघाले की हसदेवचे खोरे लागते. तिथे काळे थर उघडे पडलेले होते, पण त्यांची किंमत शून्य होती.

नागपूरहून राजनांदगावपर्यंत मीटरगेजचा ‘नागपूर छत्तीसगड’ लोहमार्ग १८८०-८२ च्या सुमारास झाला, तोही मुख्यतः धान्यासाठीच. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने तो मार्ग घेतला, ब्रॉडगेज केला आणि १८९१ मध्ये नागपूर ते आसनसोल रस्ता जोडून टाकला. (‘बीएनआर’चा अर्थ लोक ‘बी नेव्हर रेग्युलर’ असा सांगत. ही थट्टा आमच्या कानावर अजून पडते.) बिलासपूरहून कटनीकडे जाणारा फाटाही त्याच सुमारास झाला, कारण त्या वाटेवर उमरियाची कोळसा खाण होती. आगगाडीला कोळसा हवा आणि कोळशाला आगगाडी हवी, असे हे नाते पहिल्यापासूनचे आहे. इतके की रेल्वेच्या स्वतःच्या मालकीच्या कोळसा खाणी होत्या. १९५६ मध्ये राष्ट्रीय कोळसा विकास महामंडळ निघाले ते याच रेल्वेच्या खाणी हाती घेऊन.

तरीही कोरबा झोपलेलेच होते. राणीगंज-झरियाचा कोळसा कलकत्त्याजवळ आणि दर्जाने सरस. कोरब्याच्या कोळशात राखच फार. हा कोळसा दूरवर वाहून नेणे म्हणजे भाडे भरून राख नेण्यासारखेच. माझ्या मते छत्तीसगडच्या पुढच्या सगळ्या इतिहासाचे बीज या राखेत आहे.

कोरब्याला जाग आली ती भिलाईमुळे. १९५५ मध्ये सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पोलाद कारखान्याला वीज लागणार, कोळसा लागणार. त्याच दशकात, १९५३ ते १९५६ या काळात, चांप्याहून कोरबा-गेवरा रोडपर्यंत लोहमार्गाची फांदी टाकली गेली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा सगळा भाग ज्या जुन्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी आपले नागपूर होती, हे नव्या पिढीला सांगावे लागते. कोरब्यात पहिले औष्णिक केंद्र पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. १९६६ ते ६८ मध्ये त्याच्या शेजारी सोव्हिएत मदतीने पन्नास-पन्नास मेगावॅटचे चार संच बसले. पुढे १२० मेगावॅटचे दोन आले. जुने लोक या केंद्राला नुसते ‘पूर्व’ म्हणत.

आता थोडे गणित. वाचकांनी कंटाळू नये, कारण सगळी मेख यातच आहे. ५०० मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण भाराने चालला तर एक कोटी वीस लाख युनिट वीज होते. एका युनिटला साधारण सातशे ग्रॅम कोळसा धरा. म्हणजे दिवसाला आठ हजार चारशे टन कोळसा. आमची अठ्ठावन-एकोणसाठ वाघिणींची मालगाडी अंदाजे चार हजार टन नेते. म्हणजे एका संचाला रोज दोन गाड्या भरून हव्यात, पावसाळा असो की दिवाळी. आणि त्यातली पस्तीस-चाळीस टक्के राख! रोज तीन हजार टन राख शिल्लक. हाच संच मुंबईजवळ बसवला तर जवळजवळ पाऊण गाडीभर राख हजारो रुपये भाडे भरून देशाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन टाकायची. त्यापेक्षा खाणीच्या तोंडाशीच कोळसा जाळा आणि तारेतून वीज पाठवा. तारेला राख चिकटत नाही.

१९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण पुरे झाले, १९७५ मध्ये एनटीपीसी स्थापन झाली आणि हा विचार सरकारी धोरण झाला. सिंगरौलीच्या पाठोपाठ कोरब्याची निवड झाली. तीन गोष्टी एका ठिकाणी होत्या: कुसमुंडा-गेवऱ्याचा कोळसा, हसदेवचे पाणी आणि उपलब्ध जमीन. या ‘उपलब्ध’ शब्दाकडे मी नंतर येतो. १९८३ मध्ये एनटीपीसीचा पहिला २०० मेगावॅटचा संच सुरू झाला. १९८९ पर्यंत तीन दोनशेचे आणि तीन पाचशेचे मिळून २१०० मेगावॅट झाले. सातव्या संचानंतर ते २६०० झाले. शेजारी राज्य वीज मंडळाचे ‘पश्चिम’ केंद्र १९८६ पर्यंत ८४० मेगावॅटचे झाले होते. वरच्या अंगाला हसदेव-बांगो धरण उभे राहिले, दर्रीच्या बंधाऱ्यातून केंद्रांना थंड करायला पाणी मिळाले.

खाण ते वीजघर या वाहतुकीची पद्धत मात्र आम्हा रेल्वेवाल्यांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. तिला ‘मेरी गो राउंड’ म्हणतात, म्हणजे जत्रेतला चक्री पाळणाच. गाडी गोल मार्गावर फिरत राहते. खाणीकडे एका उंच बुरुजाखालून ती संथ चालत असते आणि वरून वाघिणी भरल्या जातात. वीजघराकडे रुळांखालच्या खड्ड्यावरून जाताना वाघिणीची तळाची दारे उघडतात आणि कोळसा खाली पडतो. शंटिंग नाही, इंजिन फिरवणे नाही. आमच्याकडे एक रेक साइडिंगवर खाली होईपर्यंत किती फोन करावे लागतात ते आठवले, की हेवा वाटतो.

ही वीज गेली कुठे? महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश आणि गोवा. गोव्याकडे स्वतःचे मोठे वीजघर नाही. तिथल्या घराघरांत कोरब्याच्या विजेचा मोठा वाटा वर्षानुवर्षे पोचतो आहे. पणजीतल्या आमच्या नातेवाइकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी कोरबा हे नावही ऐकलेले नव्हते. तारांचे जाळेही वाढत गेले. २००३ मध्ये रायपूर-राउरकेला लाइनने पश्चिमेचे ग्रिड पूर्वेला जोडले. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर या ७६५ केव्हीच्या लाइनने दक्षिण जोडली गेली आणि सगळा देश एका ग्रिडवर आला. रायगडहून (आपले रायगड नव्हे, छत्तीसगडचे) थेट तामिळनाडूतल्या पुगलूरपर्यंत ८०० केव्हीची एकदिश प्रवाहाची लाइन टाकली गेली, ती २०२१ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. क्षमता सहा हजार मेगावॅट.

३१ जुलै २०१२ चा दिवस आम्ही कधी विसरणार नाही. उत्तर, पूर्व आणि ईशान्य ही तिन्ही ग्रिडे एका पाठोपाठ कोसळली. पूर्वेकडे, उत्तरेकडे शेकडो गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. आपले छत्तीसगड पश्चिम ग्रिडमध्ये, ते तगले. आमच्या तारेत त्या दिवशी वीज होती.

मग प्रश्न असा पडतो, की वीज तारेतून न्यायची ठरली होती तर या इतक्या मालगाड्या कशाला? कारण ठरले एक आणि झाले दोन्ही. देशाची भूक इतकी वाढली, की कोरबा, सीपत, लारा इथली केंद्रे भागवूनही कोळसा बाहेर जातच राहिला. एसईसीएल ही कंपनी १९८५ मध्ये निघाली, मुख्यालय आपल्या बिलासपुरातच. तिच्या एकट्या गेवरा खाणीने २०२३-२४ मध्ये ५९ दशलक्ष टन कोळसा काढला. वरच्या हिशोबाने पाहा, वर्षाला जवळपास पंधरा हजार गाड्या. सगळा काही रेल्वेने जात नाही, पण अंदाज यावा. २०२२ च्या उन्हाळ्यात वीजघरांत कोळशाचा साठा आटला आणि कोळशाच्या गाड्यांना वाट मिळावी म्हणून देशभर शेकडो प्रवासी फेऱ्या रद्द झाल्या. त्यात आपल्या भागाला सर्वांत जास्त झळ बसली. कॉलनीतले लोक मला रस्त्यात अडवून विचारत, “साहेब, माणसे महत्त्वाची की कोळसा?” मी ओव्हरहेडवाला, मी काय उत्तर देणार? पण प्रश्न चुकीचा नव्हता.

आता तो ‘उपलब्ध’ शब्द. नकाशावर जी जमीन मोकळी दिसते तिथे गावे असतात. बांगो धरणाखाली गावे गेली, खाणींत गेली, राखेच्या तळ्यांखाली शेते गेली. रोज तीन हजार टन राख हा आकडा मी वर सहज लिहिला. उन्हाळ्यात वारा सुटला, की ती राख आजूबाजूच्या गावांत अंगणात, भातावर, पाण्यावर बसते. वीज पणजीला, मुंबईला, अहमदाबादला जाते आणि राख इथे राहते. ज्या सोयीसाठी वीजघर खाणीशेजारी आणले त्याच सोयीची ही दुसरी बाजू आहे. मी या व्यवसायातला माणूस आहे, वीजघरे नकोत असे मी म्हणणार नाही. पण हिशोबात राखेचा रकाना कायम कोरा ठेवला गेला असे मला वाटते.

हसदेवच्या वरच्या अंगाचे अरण्य तर आता सर्वांना ठाऊक आहे. तिथल्या परसा पूर्व-केते बासन खाणीचा कोळसा राजस्थानच्या वीजघरांसाठी २०१३ पासून निघतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथले गावकरी सुमारे तीनशे किलोमीटर चालत रायपूरला गेले. जुलै २०२२ मध्ये विधानसभेने या अरण्यातल्या खाणी रद्द कराव्यात असा ठराव एकमताने केला. तरी जंगलतोड थांबली नाही. बांगोच्या जलाशयात पाणी येते ते याच जंगलातून, आणि त्या पाण्यावर कोरब्याची वीजघरे थंड होतात. इंजिनीअरने तरी एवढे लक्षात ठेवायला हवे.

‘पूर्व’ केंद्र थकले. पन्नासचे संच आधी बंद झाले, १२० चे दोन २०२० च्या अखेरीस. ३० मार्च २०२५ रोजी बिलासपूरजवळच्या सभेत पंतप्रधानांच्या हस्ते कोरबा पश्चिमच्या ६६० मेगावॅटच्या दोन नव्या संचांची पायाभरणी झाली, सीपतच्या ८०० मेगावॅटचीही. हे संच कमी कोळशात जास्त वीज करतात, पण पुढची कित्येक वर्षे कोळसा इथलाच जाळतील.

आमच्या गँगमध्ये एक वयस्क ट्रॅकमन होते. त्यांचे गाव एका खाणीत गेले होते. एकदा कामावरून परतताना ते मला खाणीच्या कडेला घेऊन गेले. खाली, खूप खाली, डंपर खेळण्यातले असावेत इतके लहान दिसत होते. मी विचारले, “तुमचे घर कुठे होते?” मला वाटले ते खाली बोट दाखवतील. त्यांनी समोर, सरळ हवेत बोट दाखवले. म्हणाले, “तिथे. आणि त्याच्या थोडे डावीकडे चिंच होती.” मग त्यांनी घड्याळ पाहिले, कारण सव्वापाचच्या ब्लॉकला आम्हाला परत पोचायचे होते.