पाडव्याचे साल

मंडळी, दुसरे महायुद्ध म्हटले की आपल्याला हिटलर आणि हिरोशिमा आठवतात. परभणीकडच्या आमच्या खेड्यात ना विमान आले ना बाँब. तरीही युद्ध आले, ते ज्वारीच्या भावातून!

तेव्हा आमच्याकडे निजामाचे राज्य. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला, तिकडचा तांदूळ बंद झाला. १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसे उपासमारीने मेली. महागाई सगळीकडेच भडकली. निजाम सरकारने धान्याची लेव्ही बसवली. ती लहान शेतकऱ्याच्या खळ्यावरून उचलली जाई, मोठ्यांची ज्वारी पेवात सुरक्षित राही.

सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरते, काही रोख, काही धान्य. माझे आजोबा काही मोठे जमीनदार नव्हते, पण घरी दोन सालगडी होते. आजी सांगायची, त्या पाडव्याला आजोबा म्हणाले, "औंदा धान्य नाही, सगळं रोख." गडी म्हणाला, "मालक, पैका काय चावून खाऊ?" पण मागची उचल अंगावर होती. जाणार कुठे?

रुपये पाडव्याला ठरले तेवढेच राहिले, ज्वारी मात्र महिन्या-महिन्याला चढत गेली. श्रावणात त्याची बायको आमच्याच दारी ज्वारी मागायला आली. आजीने दिली. आजोबांनी ती चढत्या भावाने उचलीत मांडली.

अशा कर्जात बांधलेल्या मजुरीवर (तेलंगणात तिला भगेला म्हणत) निजाम सरकारने १९३६ मध्येच बंधने घातली होती. गावात ते कोण वाचून दाखवणार? १९४५ साली ठाणे जिल्ह्यात गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर वारली वेठीविरुद्ध उठले. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबारात पाच जण गेले. आमच्या गावात कुणी उठले नाही.

१९४८ साली निजामी गेली. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याने कुळांना संरक्षण मिळाले. पण सालगडी कूळ नव्हता, त्याच्या नावाने कुठल्याच कागदावर काही नव्हते. आमच्या चोपडीत तेवढी उचल होती.

आजोबा दुष्ट नव्हते. पंगतीला गड्याला आधी वाढा म्हणणारे होते. पण हिशेब त्यांना कळत होता, आणि तो त्यांच्या बाजूचा होता. घरातल्या पोरांनी वाड्याच्या फोटोंबरोबर हेही ठाऊक असू द्यावे, म्हणून लिहिले. असो.