पहिलं पाणी फेकायचं : लाखोळीच्या डाळीची गोष्ट

आजच्या भागात लढाई नाही, किल्ला नाही, राजाही नाही. आज डाळ आहे. तुमच्यातले बरेच जण हा पॉडकास्ट जेवताना ऐकता हे मला माहितीये, तर समोर वरण-भात असेल तर उत्तमच.

सुरुवातीला एक कबुली. हा भाग मी केलाय कारण दोन वर्षांपूर्वी मी माझ्या आजीचा भर पंगतीत अपमान केला होता.

माझं गाव भंडारा जिल्ह्यात, धानाच्या पट्ट्यात. आमच्या घरी डाळ दोन तऱ्हेने शिजते. आईची पद्धत तुमच्या घरासारखीच: तुरीची डाळ धुवायची, हळद-हिंग घालायचं, मोजून पाणी घालायचं, कुकरला लावायची, तीन-चार शिट्ट्या. वाफ गेली की घोटायची आणि वरून लसणाची फोडणी. आजीची पद्धत फक्त एका डाळीसाठी आहे, लाखोळीच्या. हिला कुणी लाख म्हणतं, कुणी लाखोरी, उत्तरेत खेसारी किंवा तिवडा. दिसायला तुरीच्या डाळीची गरीब चुलत बहीण. आजी ती मोठ्या गंजात भरपूर पाण्यात उकळायला ठेवते. चांगली उकळी आली की झाकण धरून सगळं पाणी मोरीत ओतून देते. मग दुसरं गरम पाणी, मग हळद, मीठ, चिंच, आणि शेवटी लाल मिरची-लसणाची फोडणी. गंमत बघा, हीच बाई भाताची पेज थेंबभरही वाया जाऊ देत नाही, मीठ घालून पिते. पण लाखोळीचं पहिलं पाणी फेकायचं म्हणजे फेकायचं.

तर त्या होळीला मी पुण्याहून घरी गेलो होतो. ताटात लाखोळीचं वरण आलं आणि मी सवयीने मोबाइलवर नाव शोधलं. पहिल्याच पानावर लकव्याचे फोटो, विषारी डाळ, विक्रीवर बंदी. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "आजी, हे विष आहे, तू आम्हाला विष खायला घालतेस." आजी काही बोलली नाही. उठली, आणि तिने माझ्यासमोरची वाटी उचलून नेली. बस, एवढंच. त्यानंतर मी घरी असताना तिने ती डाळ कधी केली नाही.

आता इतिहास.

ही डाळ काही काल-परवाची नाही. नर्मदेकाठी महेश्वरच्या समोर नावडातोली नावाचं ठिकाण आहे. तिथल्या उत्खननात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत गहू, मसूर यांच्यासोबत लाखेचे दाणे सापडले. इतकी वर्षं टिकण्याचं कारण शेतकऱ्याला विचारा. आमच्याकडे धान कापायच्या आधी, उभ्या पिकातच, ओल्या बांधीत लाखोळी फेकून पेरतात. याला उतेरा म्हणतात. नांगरणी नाही, खत नाही, पाणी नाही. जमिनीत उरलेल्या ओलीवर पीक येतं. पाऊस दगा देवो की गारपीट होवो, बाकी सगळं मेलं तरी ही जगते.

आणि घोटाळा नेमका तिथेच आहे.

विल्यम स्लीमन तुम्हाला ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी म्हणून माहीत असेल. त्याने सागर भागातल्या एका गावाची हकीकत लिहून ठेवलीये. १८२९ मध्ये गारपिटीने गहू गेला. १८३० मध्ये पाऊस नाही. १८३१ मध्ये रोग पडला. तीन वर्षं सलग. या सगळ्यात गव्हात आपोआप उगवणारा, एरवी गुरांना घालायचा तिवडा मात्र जोमात वाढला. १८३१ पासून लोकांचं मुख्य अन्न तेच होतं. आणि १८३३ मध्ये गावातल्या तरुण पोरांचे कंबरेखालचे पाय निकामी व्हायला लागले. ताप नाही, दुखणं नाही. रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी उठायला बघतो तर पाय साथ देत नाहीत.

हे फक्त आपल्याकडचं नाही. स्पेनमध्ये नेपोलियनच्या फौजांच्या काळात, १८११-१२ च्या माद्रिदच्या दुष्काळात लोक याच डाळीच्या पिठावर जगले. चित्रकार गोयाने त्यावर एक चित्र कोरलंय: लोक वाडगे घेऊन गोळा झालेत आणि एक बाई जमिनीवर आडवी पडलीये. चित्राच्या नावात या डाळीचे आभार मानलेत. आभार आणि आडवी पडलेली बाई, दोन्ही एकाच चौकटीत. या आजाराला 'लॅथिरिझम' हे नाव दिलं नेपल्सच्या कांतानी या डॉक्टरने, १८७३ मध्ये.

पण मंडळी, मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो पुढचा भाग वाचताना. रीवा-सतना पट्ट्यात वेठबिगार मजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ दिली जायची. मालक गहू विकायचा, मजुराला खेसारी. मजूर वर्षातले कित्येक महिने सकाळ-संध्याकाळ तेच खाणार, कारण दुसरं काही हातात नाही. म्हणजे डाळ तीच. मालकाच्या घरी ती कधीतरी चवीपुरती, मजुराच्या घरी तेच सगळं अन्न. पाय गेले ते मजुराचे. जेवणाचा मोठा हिस्सा दोन-तीन महिने सलग हीच डाळ असेल तर धोका असतो, आणि एकदा पाय गेले की ते परत येत नाहीत. नेहमीच्या मिश्र जेवणात अधूनमधून खाल्ली तर असं होत नाही. डॉक्टर या आजाराचं कारण डाळीतल्या विषात शोधतात, आणि ते बरोबरच आहे. पण माझ्या मते अर्धं कारण मजुरीच्या हिशेबात आहे.

१९६१ मध्ये या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. पिकवण्यावर नाही हां, विकण्यावर. परिणाम काय झाला असेल ते ओळखा. शेतकरी पिकवत राहिला, घरी खात राहिला, आणि बाजारात ती चोरून तुरीच्या नि चण्याच्या डाळीत, बेसनात मिसळली जायला लागली. १९६४ मध्ये बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या शास्त्रज्ञांनी त्यातला दोषी पदार्थ वेगळा काढून ओळखला. त्याला थोडक्यात ओडॅप म्हणतात. हे एक अमिनो आम्ल आहे आणि ते मेंदू-मज्जारज्जूतल्या चेतापेशींवर परिणाम करतं.

इकडे विदर्भात वेगळाच वाद पेटला. नागपूरचे शांतिलाल कोठारी वर्षानुवर्षं या बंदीविरुद्ध लढले. त्यांचं म्हणणं, विदर्भातली माणसं पिढ्यानपिढ्या ही डाळ खातात, बंदीमुळे गरीब शेतकऱ्याचं बिनखर्चाचं पीक मातीमोल होतं. दुसऱ्या बाजूचे डॉक्टर म्हणायचे, दुष्काळ पडला तर काय? शेवटी २००८ मध्ये महाराष्ट्राने बंदी उठवली. दरम्यान ओडॅप कमी असलेले 'रतन', 'प्रतीक', 'महातिवडा' असे वाणही आले. मी स्वतः कुठल्या बाजूचा? बंदी उठवली ते बरं झालं असं मला वाटतं, पण डॉक्टरांचा प्रश्नही खोटा नव्हता. स्लीमनच्या गावात तेच तर घडलं होतं.

आता येऊया मोरीत ओतलेल्या पाण्याकडे.

ओडॅप पाण्यात विरघळतं. भरपूर गरम पाण्यात डाळ भिजवली किंवा उकळली आणि ते पाणी टाकून दिलं, तर त्यातला मोठा भाग पाण्याबरोबर निघून जातो. पूर्ण नाही, हे नीट ऐका. त्याबरोबर काही जीवनसत्त्वंही जातात. पण धोका बराच कमी होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने साठच्या दशकात घरगुती उपाय म्हणून जे सांगितलं, ते साधारण हेच. आणि माझी आजी काय करत होती?

इथे माझ्यातल्या इंजिनिअरला आणखी एक गोष्ट खटकली. कुकर! १९५९ च्या सुमारास भारतात प्रेशर कुकर बनायला लागले आणि हळूहळू डाळ शिजवायची एकच पद्धत सगळीकडे पसरली: मोजून पाणी, झाकण बंद. तुरीसाठी झकास. पण लाखोळीसाठी? बंद भांड्यात पाणी डाळीतच मुरतं, फेकायला काही उरतच नाही. म्हणजे गॅस वाचवायच्या नादात जी पायरी आपण गाळली, तीच कामाची होती. आमच्याकडे आईने कुकर आणला तेव्हा सगळ्या डाळी त्यात गेल्या. आजीने फक्त लाखोळी गंजातच ठेवली, आणि आई तिला "तुमचं जुनंच खूळ" म्हणायची. मी आईच्या बाजूने हसायचो.

हे सगळं वाचून झाल्यावर मी आजीला फोन केला. माफी वगैरे आमच्या घरात कुणी मागत नाही, तर मी आडून विचारलं, आजी, ते पाणी काहून फेकते तू?

"सासूनं सांगितलं होतं बाबू. त्या पान्यानं पाय धरते मनत."

पाय धरते. ओडॅप नाही, मज्जारज्जू नाही, दोन शब्द. तिच्या सासूला कुणी सांगितलं असेल, आणि त्या कुणीतरी कुणाचे पाय जाताना पाहिले असतील, हा हिशेब मी त्या रात्री बराच वेळ करत बसलो.

मग मी म्हणालो, या वेळी आलो की लाखोळी कर. ती म्हणाली, तुझा मोबाइल काय म्हनते त्याला आधी विचारून घे. मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. बऱ्याच वेळाने म्हणाली, पोस्टाने पाठवते किलोभर, पुण्यात करून खा.

डाळ आली. मी रविवारी रूमवर केली, एका रत्नागिरीच्या आणि एका सोलापूरच्या मित्राला वाढली. रत्नागिरीवाल्याने वर ओलं खोबरं मागितलं, त्याला माफ करा. रात्री आजीला फोटो पाठवला. दोन मिनिटांत फोन.

"कुकरमदी तं नाही ना लावली?"