गोळीची पाठराखीण
फराळाच्या ताटापुढे मधुमेहाची गोष्ट काढणे अरसिकपणाचे खरे! पण तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा मी सारा दोष साखरेला दिला. रक्त तपासले, तर उणे निघाले ब-१२ जीवनसत्त्व. मग इतिहास चाळला.

१९५६ साली डोरोथी हॉजकिन यांनी या जीवनसत्त्वाची रचना उलगडली. १९५७ साली पॅरिसच्या डॉ. झां स्टेर्न यांनी मेटफॉर्मिनचा मधुमेहावरील गुण जाहीर केला. या दोहोंचे सख्य नाही, हे १९६९ साली ध्यानात आले. ही गोळी साखर आवरते, पण दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ चे शोषण घटवते. त्यातून मी शाकाहारी!

आता डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन्ही घेतो. जीवनसत्त्वाने साखर उतरत नाही, मुंग्या मात्र उतरल्या. पाठराखीण सोबतीला असते. संसार लेकीनेच करायचा असतो.