भेंडी बाजारातली खाद्यभ्रमंती आणि न दिसणारं सांदण

रमजानच्या रात्री मिनारा मशिदीच्या गल्लीत हल्ली पाहुण्यांचे जथे हिंडतात. पुढे वाटाड्या, मागे मोबाईल उंचावलेली माणसं. एकदा पैसे भरून मीही सामील झालो. वाटाड्या पोरगा चटपटीत होता. पण कबाब मुघलांनी आणला, निहारी मुघलांनी आणली, असं करत त्याने मालपुवाही मुघलांच्या नावावर चढवला. आता राहवेना. अहो, यातला 'पुवा' म्हणजे ऋग्वेदातला अपूप!

शिवाय मुंबईवर मुघलांचं राज्य होतं कधी? १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून ही बेटं पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यांच्याकडून इंग्रजांकडे. इथलं खाणं बादशहांनी नाही, पोटासाठी आलेल्यांनी घडवलं. कच्छ-काठेवाडचे मेमन, गुजरातचे बोहरा, १८५७ नंतर आझमगढ-मऊकडून येऊन मदनपुऱ्यात माग टाकणारे मोमीन विणकर. खिमा-पावातला पाव तर पोर्तुगीज शब्द. निहारीचं मूळ अरबी 'नहार', म्हणजे दिवस. रात्रभर मंद आचेवर शिजणारी ही निहारी खरी सकाळची; आपण ती रात्री अकराला खातो, ते असो.

मी मराठीत बोलतोय हे ऐकून वाटाड्या म्हणाला, "चाचा, आप मुसलमान लगते नहीं."

त्याचा दोष नाही. त्याच्या फेरीत कोकणी मुसलमान कुठेच नव्हता. क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद १८०२ ची, जुन्या तलावावर उभी. तिचा कारभार कोकणी मुसलमानांकडे. पण आमचं तांदूळ-नारळाचं वाफवलेलं सांदण त्या गल्लीत गाड्यावर मिळालं नाही. ते घरात होतं आणि पाहुण्यांना घर कोण दाखवणार?

म्हणून अशी फेरी निवडताना किती पदार्थ चाखवणार, हे विचारू नका. आपण कुठल्या मोहल्ल्यातले, हे वाटाड्याला विचारा. जामा मशिदीकडे नेणार का, तेही विचारा. आठ-दहाच माणसं असली तर बोलणं ऐकू येतं. दुपारचं जेवण हलकं ठेवा, एक बशी दोघांत घ्या, फिरनीला जागा राखा. तरावीहची गर्दी सुटेल तेव्हा रस्ता सोडून कडेला उभं राहा. ती मंडळी देखावा नाहीत.

त्या पोराला मी सांदणाबद्दल सांगितलं. "इडली जैसा?" म्हणाला. मी म्हटलं, ईदनंतर घरी ये.