खोक्यावर १६५ हर्ट्झ, पडद्यावर ६०: मॉनिटरचा रिफ्रेश रेट नेमका कुठे अडतो?

१४४, १६५ किंवा २४० हर्ट्झ असा आकडा ठळक अक्षरांत छापलेला मॉनिटर घरी येतो, जोडला जातो, चालूही होतो. पडद्यावरचे चित्र मात्र सेकंदाला साठ वेळाच नवे होत असते. अनेकांच्या हे महिनोन्‌महिने लक्षातही येत नाही. ज्यांच्या येते, त्यांपैकी बरेच जण मॉनिटर सदोष आहे असे ठरवून तो परत पाठवायला निघतात. बहुतेक वेळा दोष मॉनिटरचा नसतोच.

रिफ्रेश रेट म्हणजे पडदा एका सेकंदात किती वेळा नव्याने चितारला जातो तो दर. ६० हर्ट्झवर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ हर्ट्झवर ६.९ मिलिसेकंद. वेगवान खेळांत हा फरक डोळ्यांना आणि हाताला जाणवतो. खोक्यावरचा आकडा मॉनिटरची कमाल मर्यादा सांगतो. प्रत्यक्षात मिळणारा दर ग्राफिक्स कार्ड, पोर्ट, केबल, मध्ये असलेला डॉक आणि मॉनिटरचे विशिष्ट इनपुट या सर्वांनी मिळून ठरतो. त्यांतला जो दुवा सर्वांत दुबळा, त्याच्या चालीने बाकीच्यांना चालावे लागते.

आरंभ सर्वांत साध्या शक्यतेपासून करावा. विंडोज नवा मॉनिटर दिसताच पुष्कळदा ६० हर्ट्झच निवडून स्वस्थ बसते. सेटिंग्जमधील सिस्टिम, त्यात डिस्प्ले आणि त्याच्या तळाशी असलेले अॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडावे. एकाहून अधिक पडदे असतील तर योग्य पडदा निवडला आहे ना, हे आधी पाहावे आणि मग रिफ्रेश रेटची यादी उघडावी. अपेक्षित आकडा तेथे असेल तर निवडावा, प्रश्न मिटला. यादीत १४४ऐवजी १४३.९७ किंवा ६०ऐवजी ५९.९४ दिसले तर बिचकू नये, हे नेहमीचे आहे. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये एक जुनी खोच आहे. रिझोल्यूशनच्या यादीत वर ‘अल्ट्रा एचडी, एचडी, एसडी’ हा दूरदर्शन संचांसाठीचा गट असतो आणि खाली ‘पीसी’ हा दुसरा. वरचा दर अनेकदा या खालच्या गटातच सापडतो, आणि यादी खाली सरकवण्याचे कष्ट न घेतल्यामुळे तो नाहीच असे वाटते.

अॅडव्हान्स्ड डिस्प्लेच्या त्याच पानावर आणखी एक मोलाची ओळ असते: हा पडदा कोणत्या ग्राफिक्सला जोडलेला आहे. महागड्या ग्राफिक्स कार्डाऐवजी तेथे प्रोसेसरच्या अंगभूत ग्राफिक्सचे नाव दिसले, तर डेस्कटॉपवर केबल बहुधा मदरबोर्डच्या पोर्टमध्ये खोचलेली आहे. ती खालच्या बाजूच्या, कार्डावरील पोर्टमध्ये लावावी. संगणकाची बऱ्यापैकी जाण असलेली माणसेही येथे चुकतात, कारण पेटीमागच्या अंधारात हात घालून जे पोर्ट आधी लागते तेच वापरले जाते.

एका गैरसमजाचाही येथेच निकाल लावू. अमेरिकेतून ब्रिटनमध्ये किंवा आखातात स्थलांतर केलेले वाचक विचारतात, की येथील वीज ५० हर्ट्झची, म्हणून मॉनिटर मंदावतो का? नाही. अडॅप्टरवर छापलेले ‘५०/६० हर्ट्झ’ हे घरातील विजेच्या वारंवारितेविषयी आहे. पडद्याच्या रिफ्रेश रेटशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

केबलमधून किती मावते?

अपेक्षित आकडा यादीत नसेलच, तर थोडे गणित करावे लागते. २५६० × १४४० या रिझोल्यूशनच्या पडद्यावर ३६,८६,४०० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलच्या रंगासाठी २४ बिट धरले, तर १४४ हर्ट्झसाठी सेकंदाला सुमारे १२.७ गिगाबिट आणि १६५ हर्ट्झसाठी सुमारे १४.६ गिगाबिट माहिती वाहून न्यावी लागते. यावर चित्रांमधील मोकळ्या अवकाशाची थोडी भर पडते ती वेगळी. एचडीएमआय २.० ची घोषित क्षमता १८ गिगाबिट असली, तरी संकेतांकनाचा खर्च वजा जाता उपयोगात येणारी क्षमता १४.४ गिगाबिटच उरते. म्हणजे १४४ हर्ट्झ जेमतेम मावतात, १६५ मावत नाहीत. खोक्यावर १६५ लिहिलेल्या मॉनिटरच्या माहितीपत्रकात ‘एचडीएमआयवर कमाल १४४’ असे बारीक अक्षरांत आढळते, त्याचे कारण हेच. डिस्प्लेपोर्ट १.२ ची उपयुक्त क्षमता १७.२८ गिगाबिट आहे. त्यात १६५ सामावतात. त्यामुळे संगणकासाठी निवड करायची झाली, तर अशा मॉनिटरवर डिस्प्लेपोर्टच वापरावे. दुकानदार मात्र सवयीने एचडीएमआय केबल हातात ठेवतो.

याच गणितातून आणखी एक कोडे उलगडते. एचडीआर किंवा दहा बिटांचा रंग सुरू करताच यादीतून १४४ नाहीसा होतो, किंवा अक्षरांच्या कडा विटक्या दिसू लागतात. रंगासाठी २४ऐवजी ३० बिट लागले की १४४ हर्ट्झची गरज १५.९ गिगाबिटवर जाते आणि एचडीएमआय २.० ची वेस ओलांडते. मग एकतर दर उतरतो, नाहीतर रंगाची माहिती कापली जाते. फोर-के पडद्यावर १४४ हर्ट्झसाठी सुमारे २८.७ गिगाबिट लागतात, तर डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये २५.९२ एवढेच उपलब्ध असतात. येथे डीएससी ही संक्षेपणाची पद्धत कामी येते, मात्र ती कार्ड आणि मॉनिटर या दोघांनाही अवगत हवी. काही मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूमध्ये डिस्प्लेपोर्टची आवृत्ती निवडण्याची सोय असते आणि जुन्या उपकरणांशी जुळावे म्हणून ती कारखान्यातूनच १.१ किंवा १.२ वर ठेवलेली असू शकते. ‘ओव्हरक्लॉक’ नावाचे कलमही त्याच मेनूत शोधावे. काही मॉडेलांचा जाहिरातीतील शेवटचा आकडा ते सुरू केल्यावरच मिळतो.

केबल सदोष असेल तर दोन्ही पद्धतींत लक्षणे निराळी दिसतात. डिस्प्लेपोर्टमध्ये दोन्ही टोके आधी एकमेकांशी बोलून वेग ठरवतात. केबल कमकुवत निघाली, तर जोडणी निमूटपणे खालच्या वेगावर उतरते आणि वरचे पर्याय यादीतून गायब होऊ शकतात. एचडीएमआय २.० मध्ये पर्याय दिसत राहतो, पण निवडला की पडदा काळा पडतो, ठिपके चमकतात किंवा चित्र अधूनमधून जाते. एचडीएमआय केबलवर ‘२.०’ किंवा ‘२.१’ लिहिलेले असले तरी केबलची अधिकृत वर्गवारी तशी नाही. ‘प्रीमियम हाय स्पीड’ ही १८ आणि ‘अल्ट्रा हाय स्पीड’ ही ४८ गिगाबिटची श्रेणी. अधिकृत केबलच्या खोक्यावर स्कॅन करता येणारे प्रमाणपत्राचे लेबल असते. मॉनिटरवरील ‘एचडीएमआय २.१’ या अक्षरांवरही विसंबू नये. जास्तीचा वेग त्या आवृत्तीत ऐच्छिक आहे, आणि २.० च्याच क्षमतेचे पोर्ट २.१ म्हणून विकले जाऊ शकते.

डॉक: घरून काम करणाऱ्यांचा छुपा अडसर

आमच्या घरी हेच घडले. गेल्या हिवाळ्यात मुलासाठी घेतलेला १६५ हर्ट्झचा मॉनिटर काही केल्या ६०च्या पुढे जाईना. दिवसा त्याच टेबलावर माझा कार्यालयीन लॅपटॉप डॉकला जोडलेला असे आणि संध्याकाळी मुलगा तीच एक केबल आपल्या लॅपटॉपला लावी. परतीची मुदत संपायला दोन दिवस उरले होते, खोके बांधून दाराशी ठेवले होते. शेवटचा उपाय म्हणून लॅपटॉप डॉकविना सरळ मॉनिटरला जोडला, तर यादीत १६५ हजर!

यूएसबी-सी केबलमधून वेगाने माहिती नेणाऱ्या चार मार्गिका असतात. निव्वळ चित्रासाठी चारही वापरता येतात. पण डॉकला जलद यूएसबीही पुरवायचे असल्याने अनेक डॉक त्यांतल्या दोनच मार्गिका चित्राला देतात. डिस्प्लेपोर्ट १.४ च्या वेगाने त्या दोघींत १२.९६ गिगाबिट मावतात, १.२ च्या वेगाने केवळ ८.६४. डॉकवर दोन पडदे असतील तर हीच शिदोरी दोघांत वाटली जाते. काही डॉक चित्र संक्षेपित करून साध्या यूएसबीवरून पाठवतात. कार्यालयीन कामाला ते उत्तम, खेळांसाठी निरुपयोगी. मॉनिटरलाच यूएसबी हब असेल, तर त्याच्या मेनूत यूएसबीचा वेग कमी करून चारही मार्गिका चित्राला देण्याचा पर्याय असतो का, ते पाहावे. मॅकबुक प्रो वापरणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की २०२१च्या १४ आणि १६ इंची मॉडेलांतील एचडीएमआय पोर्ट २.० क्षमतेचे आहे; २०२३च्या मॉडेलांपासून ते २.१ झाले.

गेमिंग कन्सोलची गोष्ट थोडक्यात आटोपते. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स १२० हर्ट्झच्या पुढे जातच नाहीत, त्यामुळे १६५चा मॉनिटर त्यांच्याबरोबर १२०वरच थांबणार. तोही खेळाने साथ दिली तर.

काही वेळा तर बिघाड नसतोच. रिफ्रेश रेट आणि खेळाचा फ्रेम रेट या भिन्न गोष्टी आहेत. कार्ड सेकंदाला ७० चित्रेच तयार करू शकले, तर मॉनिटर १४४ हर्ट्झवर असूनही हालचाल सत्तरचीच दिसेल. जी-सिंक किंवा फ्रीसिंक सुरू असताना तर मॉनिटर मुद्दाम खेळाच्या गतीशी जुळवून घेतो आणि त्याच्या कोपऱ्यातील आकडा सतत वरखाली होतो. खेळाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये ६०ची मर्यादा घातलेली असू शकते, तीही उठवावी.

मॉनिटर सदोष आहे असे म्हणण्यापूर्वी त्याच्याच खोक्यातील किंवा प्रमाणित लहान केबलने, मध्ये कोणतेही उपकरण न ठेवता, पुरेशी क्षमता असलेल्या दुसऱ्या संगणकाला तो जोडून पाहावा. तेथेही आकडा मिळाला नाही, तर अॅडव्हान्स्ड डिस्प्लेच्या पानाचे आणि मॉनिटरच्या माहिती-मेनूचे छायाचित्र घ्यावे. ब्रिटनमधील वाचकांना या पुराव्याची गरज पडते. ऑनलाइन घेतलेली वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत कारण न देता खरेदी रद्द करता येते. २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारी वस्तू ३० दिवसांत नाकारून पूर्ण पैसे मागता येतात, पण दोष दाखवून देण्याचा भार तेव्हा ग्राहकावर असतो. तीस दिवस उलटल्यावर विक्रेत्याला दुरुस्तीची किंवा बदली वस्तू देण्याची एक संधी द्यावी लागते. मात्र पहिल्या सहा महिन्यांत अशी मागणी केल्यास दोष मुळातच नव्हता हे सिद्ध करणे विक्रेत्याचे काम असते.